डाव्या दाराचं कापड

मित्रांनो, मी एक जुना डोअर पॅड आहे. नाव ऐकून गोंधळू नका. तुम्ही मोटारीत बसता, दार ओढून घेता आणि त्या दारावर आतून जिथे कोपर टेकवता ना, तोच मी. दाराच्या बाहेरच्या पत्र्याची सगळे चौकशी करतात. रंग कुठला, चमक किती, ओरखडा कुणी पाडला? आतल्या बाजूला कोण आहे हे कुणी विचारत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. बाहेरच्याला ऊनपाऊस बघावा लागतो, आतल्याला माणसं बघायला मिळतात.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. लाकडाच्या भुशाचा लगदा दाबून एक फळी केली, तिला भोकं पाडली, वर स्पंज चिकटवला आणि त्यावर राखाडी कापड ताणून बसवलं. तिथे माझ्यासारखे हजारो होते, पण सख्खा म्हणावा असा एकच. मी पुढच्या डाव्या दाराचा, तो पुढच्या उजव्या दाराचा. आम्ही जुळे, पण आरशातले जुळे. त्याची गोलाई जिकडे वळते त्याच्या बरोबर उलट माझी वळते. त्याचं कापड मला बसत नाही आणि माझं त्याला.

आमची गाडी एका चष्मेवाल्यांच्या घरी आली. त्यांचं बाजारात चष्म्यांचं छोटं दुकान होतं. लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे, काचा घासायच्या, दांड्या सरळ करायच्या, असं त्यांचं काम. त्यांच्या पत्नी घरी शिवणकाम करायच्या. सगळी गल्ली त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायची, म्हणून मीही बाईच म्हणतो. चष्मेवाले उजवीकडे बसून गाडी चालवायचे, त्यामुळे डावीकडची जागा बाईंची आणि त्यांच्या कोपराची जागा माझी.

बाईंचं मोजमाप टेपमध्ये नव्हतं, डोळ्यांत होतं. एकदा आम्ही चौकात थांबलो होतो. समोरून कोट घातलेला एक माणूस रस्ता ओलांडत होता. बाई म्हणाल्या, “डावा खांदा अर्धं बोट उतरलाय बघा. कापणाऱ्याला सुट्टीची घाई झाली असेल.”

“तुला माणूस दिसतच नाही का गं? नुसते कपडेच दिसतात?” चष्मेवाले म्हणाले.

“माणूसही दिसला की. त्याच्या चष्म्याची दांडी वाकडी आहे. पण ते खातं तुमचं.”

बाईंचे हात कधी रिकामे नसायचे. गाडीतसुद्धा मांडीवर कुणाचातरी कुर्ता असायचा, हातशिलाई चाललेली असायची. रस्ता खराब आला की सुई काढून त्या खुशाल माझ्यात खोचून ठेवायच्या. तुम्ही विचाराल, टोचायची नाही का? टोचायची. पण ज्याच्या अंगावर कुणी विश्वासाने सुई ठेवतं, त्याला त्याचं काही वाटत नाही. मागच्या सीटवर त्यांची मुलगी वाढली. आधी आडवी झोपून, मग पाय हलवत, मग कानाला फोन लावून. पुढे तिचं लग्न झालं, ती दूरच्या शहरात गेली, आणि मागची सीट गठ्ठे ठेवायला मोकळी झाली.

वीस वर्षं झाली. काचेतून येणाऱ्या उन्हानं माझा स्पंज आतल्या आत कुजला. त्याची पिवळी पूड व्हायला लागली. वरचं कापड सुटलं आणि खाली लोंबायला लागलं. म्हणजे या वयात माणसांचं होतं तसंच, माझंही पोट सुटलं. चष्मेवाल्यांनी ते ड्रॉइंग पिनांनी वर टोचून ठेवलं. पिना रोज एकेक करून पडायच्या. बाई गाडीतून उतरल्या की त्यांची बाही पिवळी व्हायची, आणि त्या ती झटकत घरात जायच्या. मला फार लाज वाटायची.

मग मुलीचा फोन आला. दीड वर्षानं ती जावयांना घेऊन आठ दिवस राहायला येणार होती. महिनाभर हाताशी होता. त्या दिवशी गाडीत बसता बसता चष्मेवाले म्हणाले, “गाडी कारागिराकडे टाकूया. चारही दारांना नवीन कापड लावून देईल.”

बाई दार लावता लावता थांबल्या. “कारागिराकडे? म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. जन्मभर मी काय केलं? सोफ्याची कव्हरं शिवली, पडदे शिवले, अख्ख्या शाळेचे गणवेश शिवले. आता दाराला कापड लावायला बाहेरचा माणूस?”

“अगं, तुला त्रास नको म्हणून.”

“त्रास तुम्हाला आहे. स्क्रू तुम्ही काढायचेत.”

त्यांनी ठरवलं की आधी पुढची दोन दारं करायची आणि ती जमली की मागची. सुट्टीच्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. चष्मेवाल्यांनी कोपर टेकायच्या दांड्याचे स्क्रू काढले. काच खालीवर करायचं हँडल मात्र निघेना. मग बाईंनी एक लांबट फडकं आणलं, हँडलच्या मागे घातलं आणि बूट पुसतात तसं पुढेमागे ओढलं. आतली बारीक क्लिप टपकन उडाली ती थेट गाडीखाली गेली. दोघं साठीच्या पुढची माणसं, पण गुडघ्यांवर बसून गाडीखाली ती क्लिप शोधत होती आणि हसत होती. त्यांचं ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यानंतर तसं हसणं त्या घरात मी ऐकलं नाही.

आम्हा दोघा भावांना पुढच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर ठेवलं. जुनं कापड सोलून काढलं, कुजलेला स्पंज खरवडला, नवा स्पंज लावला. बाईंनी कापड आणलं होतं गडद निळं, बारीक उभ्या रेघांचं. दुकानात त्या ताक्याचं थोडंच उरलं होतं.

बाई शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना एक गोष्ट पहिल्या दिवशी सांगायच्या. जोडी कापायची असेल तर कापड दुमडून कापायचं. एकाच कात्रीत डावं आणि उजवं दोन्ही निघतं. बाही असो, कॉलर असो, नियम एकच. आम्ही गाडीत असताना कितीदा त्यांनी हे कुणाला ना कुणाला फोनवर सांगितलं होतं. मला तो नियम पाठ होता.

त्या दुपारी बाईंनी कापड टेबलावर पसरलं. दुमडलं नाही. माझ्या भावाचं जुनं कापड त्यावर ठेवलं, खडूनं रेघ मारली आणि कापलं. मग तेच जुनं कापड तसंच उचलून बाजूला ठेवलं, पुन्हा रेघ मारली आणि पुन्हा कापलं.

पहिला तुकडा भावाच्या अंगावर असा बसला, जणू तो जन्मताच घालून आला होता. दुसरा बाईंनी माझ्यावर ठेवला. गोलाई उलट आली. त्यांनी तो फिरवला, तरी उलटच. पालथा केला, तर कापडाची मागची पांढुरकी बाजू वर आली. त्यांनी पुन्हा सरळ केला. पुन्हा फिरवला.

चष्मेवाले चहाचे कप घेऊन आले. त्यांनी एक नजर टाकली आणि मोठ्यानं हसले. “वा! चाळीस वर्षं शिवणकाम केल्यावर आता दोन्ही बाह्या उजव्या का?”

बाईही हसल्या. पण त्यांचा अंगठा कात्रीच्या कडीत तसाच होता आणि दुसऱ्या हातानं त्या तो तुकडा अजून फिरवतच होत्या. चष्मेवाल्यांचं लक्ष चहाकडे होतं. मी टेबलावर आडवा पडलेलो, मला दुसरं बघायलाच काही नव्हतं.

भावाचं काम बाईंनी त्याच दिवशी पुरं केलं. ब्रशनं फळीला आणि कापडाला सोल्यूशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग मधून बाहेर तळहातानं दाबत नेलं. कडा मागे दुमडल्या, गोलाईवर बारीक काप देऊन वळवल्या. एक सुरकुती नाही. उभ्या रेघा ओळंब्यानं मारल्यासारख्या सरळ. मित्रांनो, माझ्या भावाच्या अंगावर आहे ते बाईंच्या हातचं शेवटचं काम. तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांनी ताक्यावरचं उरलेलं कापड आणून दिलं आणि ते दुकानात गेले. मला भिंतीला टेकवून ठेवलं होतं. घरात बाई आणि मी, दोघंच.

बाईंनी कापड पसरलं, पुन्हा भावाचंच जुनं कापड ठेवून रेघ मारली, कापलं. माझ्याजवळ आणून लावून बघितलं. उजवं. त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग तो तुकडा त्यांनी घडी न घालता माझ्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत सरकवला. उरलेल्या कापडात आणखी एक तुकडा बसत होता. तोही कापला. तोही उजवा. तोही फटीत गेला.

संध्याकाळी चष्मेवाल्यांनी विचारलं, “झालं का गं?”

“आज वेळच नाही झाला. बायका येऊन बसल्या होत्या.”

कुणीही आलेलं नव्हतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. बाई जुन्या पडद्यावर कापून बघायच्या, वर्तमानपत्रावर कापून बघायच्या. कधी स्वतःचे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरायच्या, एकाकडे बघायच्या, मग दुसऱ्याकडे. ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, “हा जेवायचा. मग हा डावा. डावा इकडे.” आणि कात्री हातात घेतली की इकडचं तिकडे व्हायचं. एके दिवशी त्यांनी माझ्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “उद्या जमेल हं.” लहान मुलाला औषध देताना म्हणतात तसं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की बाई, कापड दुमडा, तुमचाच नियम आहे. पण माझ्यामागे तुकड्यांचा गठ्ठा वाढत होता, आणि मी त्याच्यापुढे पडद्यासारखा उभा होतो. नकळत त्यांच्या लपवण्यात मी सामील झालो होतो.

मुलगी यायला दहा दिवस उरले. चष्मेवाले वैतागले. “एवढंसं काम गं! नसेल जमत तर सांग, मी देतो कारागिराला.” असं म्हणून त्यांनी मला उचललं.

मागचे तुकडे घसरून जमिनीवर पसरले. निळे, फुलाफुलांचे, कागदाचे. अकरा होते.

चष्मेवाले खाली बसले. त्यांनी एकेक तुकडा उचलून टेबलावर एकावर एक ठेवला, कडेला कड लावून. सगळ्या कडा जुळल्या. अकराच्या अकरा उजवे. तेवढ्यात बाई हात पुसत स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थबकल्या.

“हे काय आहे गं?”

“सराव,” बाई म्हणाल्या. मग अगदी हळू, “अहो, मला डावं सापडत नाही हो.”

चष्मेवाले तसेच उठले. ते दुकानात गेले आणि डोळे तपासायची काचांची पेटी आणि अक्षरांचा तक्ता घेऊन आले. “नंबर वाढला असेल. वर्षभर तुझे डोळे बघितलेच नाहीत मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बस इथे.”

तक्ता त्यांनी माझ्याच शेजारी भिंतीला लावला. बाई समोर खुर्चीवर बसल्या. चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर तपासणीचा जड चष्मा चढवला, एक डोळा झाकला. बाईंनी वरून वाचायला सुरुवात केली. मोठी अक्षरं, मधली, लहान. शेवटची ओळही वाचली.

“दुसरा डोळा.”

तोही स्वच्छ. चष्मेवाल्यांनी काच बदलली. “आता?”

“तसंच आहे.”

“परत वाच.”

बाईंनी परत वाचलं. इतकंच नव्हे, तक्त्याच्या अगदी खाली छापखान्याचा पत्ता मुंगीएवढ्या अक्षरांत होता, तोही वाचून दाखवला. आणि हसून विचारलं, “चांगले आहेत ना डोळे?”

“ठणठणीत आहेत.”

“मग झालं तर,” बाई म्हणाल्या, आणि सुटल्यासारख्या उठून आत गेल्या.

चष्मेवाले पाठमोरे उभे राहून काचा पेटीत ठेवत होते. त्या पेटीत प्रत्येक काचेची जागा ठरलेली असते. त्या दिवशी त्यांनी एकही काच तिच्या जागेवर ठेवली नाही. जन्मभर हा माणूस लोकांच्या डोळ्यांत दोष शोधत आला. त्या दिवशी पहिल्यांदाच तो सापडावा म्हणून जीव तोडून शोधत होता, आणि तो मिळाला नाही.

माझं कापड शेवटी त्यांनीच लावलं. तो ताका संपला होता, म्हणून मिळतं-जुळतं दुसरं आणलं. ते एका छटेनं फिकट निघालं. बाई शेजारी बसून सांगत होत्या, आणि सांगताना त्यांचं एकही वाक्य चुकत नव्हतं. “कडेनं नको, मधून सुरुवात करा. अजून ओलं आहे, थांबा. ओढू नका, दाबत न्या.” पण काचा घासणारे हात ते. त्यांना कठीण वस्तूची सवय. कापड त्यांच्या हाताखालून निसटत होतं. हँडलच्या भोकापासून खालपर्यंत एक मोठी सुरकुती पडली.

“निघेल ती,” बाई म्हणाल्या.

“राहू दे. आपल्या तोंडावरच्या कुठे निघतायत?”

बाईंनी त्यांच्या गालावर बोट ठेवलं आणि खाली ओढलं, जणू तिथलंही कापड सरळ करायचं होतं. “तुमच्या कुणी काढल्या तर मी ओळखायची नाही तुम्हाला,” त्या म्हणाल्या. दोघं थोडे हसले. मागची दारं मग झालीच नाहीत. ती आजही जुन्या राखाडी कापडात आहेत.

मुलगी आणि जावई आले. स्टँडवरून येताना बाईंनी हट्टानं मुलीला पुढे बसवलं. चष्मेवाले गाडी सुरू करता करता म्हणाले, “बघ, तुझ्या आईनं घरच्या घरी केलंय सगळं. फिकट-गडद मुद्दाम घेतलंय हं, हल्ली तशी पद्धत आहे.”

“छान झालंय आई,” मुलगी म्हणाली. तिची बोटं माझ्या सुरकुतीवरून खाली गेली आणि तिथेच थांबली. मग तिनं मान वळवून पलीकडे माझ्या भावाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघंच काही आणायला निघाले. गल्लीच्या टोकाला मुलगी म्हणाली, “बाबा, गाडी बाजूला घ्या.”

त्यांनी घेतली.

“तुमच्या बाजूचं आईनं केलंय. हे तुम्ही केलंय.”

“कशावरून?”

“मी आईनं शिवलेले कपडे घालून मोठी झाले. डोळे बांधलेत तरी सांगेन. काय झालंय आईला?”

चष्मेवाल्यांनी इंजिन बंद केलं. अकरा तुकड्यांची गोष्ट त्यांनी रस्त्याकडे बघत सांगितली, एका दमात, जणू कुणा तिऱ्हाइताची असावी. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “पहिल्यांदा चुकली ना, तेव्हा मी हसलो गं. चाळीस वर्षांत तिची कात्री एकदा चुकली आणि मी हसलो. मी हसलो नसतो तर तिनं तुकडे लपवले नसते. तेव्हाच सांगितलं असतं.”

“बाबा, तुम्हाला काय माहीत होतं?”

“माहीत नव्हतं. म्हणून तर विचारायला हवं होतं.”

मुलगी कपाळ माझ्यावर टेकवून रडली. नवं कापड पाणी पटकन पीत नाही. तिचे अश्रू माझ्या सुरकुतीच्या खोबणीतून ओघळत खाली गेले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. परतताना गाडीत ते नाव कुणी उच्चारलं नाही. बाईच म्हणाल्या, “डॉक्टर चांगले होते. शर्ट मात्र ढगळ.”

पुढची वर्षं मी थोडक्यात सांगतो, कारण ती सांगवत नाहीत. आधी बाईंचे रस्ते हरवले. मग माणसांची नावं. मुलगी दर महिन्याला यायची आणि दर महिन्याला नव्यानं ओळख करून द्यायची. घरात बाई घाबरायच्या, कपाटाशी भांडायच्या, पण गाडीत बसवलं की शांत व्हायच्या. म्हणून चष्मेवाल्यांनी दुकान लवकर बंद करायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी ते बाईंना तासभर फिरवून आणायचे. कुठे जायचं नसायचं. नुसतं चालवत राहायचं.

एकदा चालत्या गाडीत बाईंनी दार उघडलं. वळणाचा रस्ता होता. चष्मेवाल्यांनी एका हातानं त्यांचा दंड धरला आणि कशीबशी गाडी थांबवली. त्या दिवसापासून ते बाई बसल्या की बाहेरून दाराला कुलूप लावायचे. बाई माझं हँडल ओढायच्या, मला थापट्या मारायच्या, “उघडा ना, मला घरी जायचंय,” म्हणायच्या. मित्रांनो, ज्या हातांना मी वीस वर्षं टेकू दिला, त्या हातांना मीच अडवून धरलं. दुसरं कुणी हे काम केलं असतं तर बरं झालं असतं. पण दार मीच होतो.

त्यांच्या शेवटच्या फेऱ्यांपैकी एक मला शब्दन्‌शब्द आठवते. स्वच्छ संध्याकाळ होती. बाई त्या दिवशी शांत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, सुरकुतीवर नख फिरवलं, आणि उजवीकडे वळून म्हणाल्या, “अहो ड्रायव्हरदादा.”

चष्मेवाल्यांनी गियर बदलला. मग म्हणाले, “बोला बाई.”

“हे दाराचं कापड कुणी लावलं हो?”

“होता एक जण. शिकाऊ होता.”

“दिसतंच आहे. ओढ चुकलीय. रंगही जुळवून घेतला नाही.” मग त्यांनी मान वाकवून पलीकडच्या दाराकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. “तुमच्या बाजूचं मात्र कुणीतरी जीव लावून केलंय.”

“हो. त्या बाई फार मोठ्या कारागीर होत्या.”

“होत्या? गेल्या का?”

गाडी हळू झाली. “नाही. आता काम करत नाहीत.”

“अरेरे,” बाई म्हणाल्या. त्यांना मनापासून वाईट वाटलं. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी आवाज खाली आणला, बायका गुपित सांगताना आणतात तसा. “दादा, एक कराल का? आमचे हे आले ना, तर त्यांना हे माझ्या बाजूचं दार दाखवू नका. त्यांना वाटेल मीच केलंय. फार अभिमान आहे हो त्यांना माझ्या हाताचा.”

चष्मेवाल्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट धरले.

“नाही दाखवणार, बाई.”

“नक्की ना?”

“नक्की.”

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि कोपर माझ्यावर टेकवलं.

त्याच वर्षी बाई गेल्या. गाडी आता अंगणात उभी असते. चष्मेवाले कधीतरी येतात, उजवीकडचं दार उघडून बसतात, आणि माझ्या भावावर तळहात फिरवतात, मधून बाहेर. माझ्याकडे ते बघत नाहीत. त्यांनी शब्द दिलाय, आणि तो ते पाळतात.

मित्रांनो, मोटारीच्या आतल्या कापडाची काळजी घ्या, उन्हात काचेला पडदा लावा, असं मी सांगावं हे रीतीला धरून झालं असतं. जमलं तर तेही करा. पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात ज्याचा हात कधी चुकत नाही, त्याचा हात एखाद्या दिवशी चुकेल. आईचं मीठ दोनदा पडेल, आजोबा ओळखीच्या वळणावर थांबतील. तेव्हा हातातलं काम खाली ठेवा आणि त्यांच्याजवळ जाऊन बसा. काय सापडत नाही, ते विचारा. मी लाकडाच्या भुशाची फळी. मला सगळं दिसत होतं आणि मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.